न शिकवलेलं वाक्य

पॅसिव्ह व्हॉइसची वीसच्या वीस वाक्यं बरोबर आली म्हणून रोह्याच्या शाळेत सरूचं त्या दिवशी कौतुक झालं होतं. दुपारी निडीला घरी आली, तर बाबा कंपनीचं इंग्रजी पत्र हातात घेऊन ओटीवर येरझारा घालत होते.

"वाच गो सरू. काय लिवलंय ते सांग मना."

मजकूर एका ओळीचा होता. तुम्हाला कामावरून काढण्यात आले आहे. कोणी काढलं, ते कुठेच नव्हतं. सरूने पत्र उलटंपालटं करून पाहिलं, पण खालची सहीसुद्धा लागेना. करणाऱ्याचं नाव गाळलं तरी वाक्य पुरं होतं, हे गुरुजींनी कालच शिकवलं होतं. बाबा तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. ते वाक्य मराठीत बोलायला तिची जीभ वळेना.

"बाबा, हे अजून शिकवलं नाय आमाला."

"नाय ना?" बाबांचा चेहरा एकदम उजळला. "तुझ्यासारख्या हुशार पोरीला येत नाय, तर शेजारच्या अय्यूबला काय कपाळ येतंय! दोन वर्षं दुबईला राहिला म्हणून सायब झाला काय? सकाळधरनं जिवाला घोर लावलान माझ्या. म्हणे, दाजी, तुला कामावरनं काढला!"

आणि दुपारच्या शिफ्टचा डबा उचलून, शीळ घालत, ते कंपनीच्या वाटेला लागलेसुद्धा.