चपला बाहेर काढाव्यात

वेणूला फिट आली की महिपती लेकीच्या नाकाला आपली चप्पल लावी. सोनिवलीत तीच पद्धत. अंबरनाथच्या मेंदूच्या डॉक्टरांनी मागवलेला फिटचा व्हिडिओ बायकोने नीट काढला होता. त्यात चप्पल स्वच्छ दिसत होती, वेणू नव्हती. “रिपोर्ट नॉर्मल. झटका कुठून सुरू होतो, हे कळल्याशिवाय औषध कसं देऊ? कुणी पाहिलंय?” दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं. तेवढ्यात वेणूला फिट येऊ लागली. महिपतीचा हात पायाकडे गेला, पण चपला दाराबाहेर! “आणतो!” “बसा! तिच्याकडे बघा!” डॉक्टरांनी वेणूला कुशीवर वळवलं. आधी डावा अंगठा थरथरला, मग हात, मग ओठ. महिपती पहिल्यांदाच बघत होता. झटका थांबला. “कळलं. आता औषध देतो.” “पण थांबला कशानं?” महिपतीने विचारलं. “चप्पल तर बाहेर होती.” बायको डोळे पुसत म्हणाली, “तुमचीच ना? वास आला असेल दाराआडून.”