बाई वर्गात आल्या

गिरणी बंद पडली म्हणून इस्रायलच्या वाळवंटातल्या डिमोना गावची सिपोरा पन्नाशीत लेकीबरोबर बेर्शेबाच्या विद्यापीठात शिकायला आली. पहिल्याच तासाला बाई वर्गात शिरल्या आणि मुंबईच्या शाळेतल्या सवयीनं सिपोरा ताडकन उठली. तिची घडीची खुर्ची खाडकन मिटली. बाकी वर्ग ढिम्म बसलेला. ‘‘इमा, बस! इथं कुणी उठत नाही,’’ लेक आईच्या कानात कुजबुजली. बाईंनी कुतूहलानं पाहिलं. ‘‘काही विचारायचंय?’’ विचारायचं काहीच नव्हतं. पण फळ्यावर विषय दिसला, ‘वाळवंटात वसवलेली गावं’, आणि तिच्या तोंडून निघून गेलं: ‘‘मुंबईहून आलो तेव्हा आम्हाला डिमोनालाच धाडायचं, हे कुणी ठरवलं?’’ बाईंनी खडू खाली ठेवला. ‘‘हे मलाही शोधावं लागेल.’’ लेकीनं बाही ओढली. ‘‘झालं ना? बस आता.’’ ‘‘बाईंनी बस म्हटलं कुठं?’’ सिपोरा म्हणाली आणि उत्तराची वाट बघत उभी राहिली.