सुलभाच्या नावाचे ठोके

भिंतीवरचा दिवा लुकलुकू लागला, तसे अच्युतराव चहा बाजूला ठेवून त्याच्यासमोर बसले. दिव्याखाली नाव होतं सुलभाचं. बायकोला जाऊन वर्ष होत आलं, तरी भिंत तिच्या हृदयाचे ठोके दाखवत होती.

असं का होतं, ते त्यांना ठाऊक होतं. प्रत्येकाच्या दंडात बसवलेला, हृदयाचे ठोके घरच्या भिंतीला कळवणारा बिनबॅटरीचा सूक्ष्मलहरी फिल्टर त्यांनीच तांदळाच्या कणीएवढा केला होता. इतका लहान फिल्टर अंगातल्या तापाने आपली वारंवारता सोडतो. शेजारच्या रुचाला ताप चढला, की तिचा फिल्टर सुलभाच्या वारंवारतेवर सरके; मग तिचे ठोके तिच्या घरी दिसेनासे होत आणि इथे सुलभाच्या नावावर उमटत.

आज ते फार जलद पडत होते. लगेच जाऊन सांगायला हवं होतं. तरी ते बघत बसले.

दार वाजलं. बाहेर रुचाचा नवरा निहार होता.

"काका, रुचा तापाने फणफणलीय, शुद्धीवर नाही. दवाखान्यात नेतोय. आमची भिंत तर मुकीच! तुमच्याकडे काही दिसलं का हो?"

"नाही रे," पाठीने दिवा झाकत अच्युतराव म्हणाले.

गाडी फाटकाबाहेर, भिंतीच्या टप्प्यापलीकडे गेली तसा दिवा विझला. सुलभाच्या नावाकडे बघायची त्यांना लाज वाटली.