पन्नाशीपुढचा गट

ब्राझिलियन जिउ-जित्सूत हार मानली की समोरच्याच्या अंगावर दोनदा थोपटायचं, मग तो पकड सोडतो. पन्नाशीपुढच्या गटात आम्ही दोघंच, मी आणि आमच्या गल्लीतला दंतवैद्य. सहा वर्षं दर स्पर्धेत मीच थोपटत आलो.

यंदा त्याला पक्षाघात झाला आणि सुवर्णपदक न लढताच माझ्या गळ्यात पडलं.

"अहो, हॉस्पिटलात निघालोय तर फळं तरी घ्या," बायको म्हणाली.

"मेडल घेतलंय की!"

त्याची वाचा गेली होती, जेमतेम डावा हात हलत होता. मी मेडल त्याच्या डोळ्यांपुढे धरलं, ते हटवलंच नाही. शेवटी त्याने माझ्या मनगटावर दोनदा थोपटलं.

मी बायकोकडे वळलो. "व्हिडिओत नीट आलं ना गं? नाहीतर परत एकदा करायला लावतो."