धाकटीच्या जागी

"तुम्हीच ना त्या फौजेतून आलेल्या?" सरांनी थोरलीच्या हातातला शिष्यवृत्तीचा फॉर्म जवळजवळ हिसकावूनच घेतला. "या, या. दोन दिवस वाट बघतोय तुमची. बसा आधी. तास संपला की सही करतो."

थोरली नुसती सही न्यायला आली होती. धाकटीला गुडघा दाखवायला दवाखान्यात जायचं होतं, फॉर्म द्यायचा आज शेवटचा दिवस, म्हणून "ताई, तेवढं जाऊन येतेस का?" अशी तिने गळ घातली होती. 'मी नाही हो, माझी बहीण,' हे अगदी ओठांवर आलं होतं. पण सर फळ्याकडे वळले, पहिल्या बाकावरच्या मुलीने बॅग उचलून जागा केली, आणि थोरली बसली.

"मुलांनो, या बाईंनी सोळा वर्षं सैन्यात काढलीत. आता शिष्यवृत्ती घेऊन तुमच्याबरोबर शिकणार आहेत."

वर्गाने टाळ्या वाजवल्या. थोरलीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. सोळा वर्षं तिनेही काढली होती. शिलाई मशीनवर, आणि अंथरुणाला खिळलेल्या वडिलांच्या उशाशी. त्याला कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. शाळेत पहिला नंबर हिचा, धाकटी नेहमी काठावर पास. आणि कॉलेजचं पत्र आलं ते धाकटीला! त्या दिवशी थोरलीने तिचं तोंडभर कौतुक केलं होतं आणि मग एका गिऱ्हाइकाच्या शर्टाला दोन्ही बाह्या उलट्या जोडून ठेवल्या होत्या.

टाळ्या थांबेपर्यंत खरं सांगायची वेळ निघून गेली. नीट सांगायचं तर तिनेच ती जाऊ दिली.

तास इतिहासाचा होता. दुष्काळाचं प्रकरण.

"नदी आटली, विहिरी आटल्या, निम्मं गाव चालतं झालं," सर म्हणाले. "मग उरलेलं निम्मं मागे का राहिलं? कोण सांगतंय?"

मुलं पुस्तकाची पानं उलटू लागली. हे पुस्तक थोरलीने परवाच, काजं-बटणं करता करता, शेवटपर्यंत वाचून काढलं होतं. धाकटी तिसऱ्या पानावर पेंगली होती. हात कधी वर गेला ते तिचं तिलाच कळलं नाही.

"पुस्तकात म्हटलंय, जमिनीसाठी राहिले." तिचा आवाज आधी चिरकला, मग सापडला. "पण जमीन तर ओसाड पडली होती. ज्यांच्या घरात चालता न येणारं माणूस होतं, ते राहिले असतील. सगळेच गेले तर त्याला पाणी कोण पाजणार? आणि जे गेले ना, त्यांना जाता आलं तेही मागे कुणीतरी राहिलं म्हणून."

सरांनी खडू उचलला. मग त्यांनी फळ्यावर 'मागे राहिलेले' असं लिहिलं आणि खाली दोनदा रेघ मारली.

"हे पुस्तकात नाही. लिहून घ्या."

चाळीस वह्या उघडल्या.

तास संपला, सही झाली. शेजारच्या मुलीला राहवेना. "मावशी, तिकडे भीती वाटायची का हो?"

"वाटायची," थोरली म्हणाली. हे खोटं नव्हतं. अवेळी फोन वाजला की दर वेळी वाटायची.

तेवढ्यात तिचं लक्ष दाराकडे गेलं. तिथे धाकटी उभी होती. ताठ, गुडघ्याला पट्टा, काखेत दवाखान्याची फाईल. थोरली बाकावरून अर्धवट उठली.

"आपण कोण?" सरांनी विचारलं.

धाकटीने थोरलीकडे पाहिलं. "मी यांची धाकटी बहीण. ताईला न्यायला आलेय."

"भारी हुशार आहेत हो तुमच्या ताई."

"हो. पहिल्यापासूनच."

हिने चारचौघांत थोबाडीत मारली असती तरी परवडलं असतं, असं थोरलीला वाटलं. आता मोठेपणाही हिच्याच वाट्याला!

वर्गापासून जरा लांब आल्यावर ती फणकारली, "खरं का नाही सांगितलंस? उपकार करतेस माझ्यावर?"

"उद्या माझ्याबरोबर ये. काय सांगायचं ते तूच सांग सरांना." धाकटी पुढे चालत राहिली. जिन्यापाशी मात्र थांबली. "दवाखान्यातून लवकर सुटले, म्हटलं अर्धा तास तरी पदरात पडेल. मी दाराबाहेरच होते, ताई. सरांनी प्रश्न विचारला तेव्हा मीही मनातल्या मनात उत्तर शोधत होते."

"मग?"

"नाही सापडलं. अजून शोधलं असतं तरी नसतं सापडलं." ती हसली नाही. "आणि तू आपली उठलीस आणि बोललीस. कसं गं जमतं तुला?"

शेवटच्या शब्दांना धार होती. थोरलीने तिच्याकडे पाहिलं. ओठ घट्ट मिटलेले, नजर भलतीकडेच. ही हेव्याची कळ थोरलीच्या चांगली ओळखीची होती. गेला महिनाभर हीच कळ कुशीत घेऊन ती झोपत होती.

जिना उंच होता. थोरलीने आधाराला हात पुढे केला. धाकटीने तो घेतला नाही. कठडा धरून, दुखरा पाय एकेका पायरीवर जपून टेकवत, ती एकटीच खाली उतरू लागली.