कोरडी भिंत

“आज तुम्ही गाडीतच बसा, बाबा,” असं सासऱ्यांना सांगून, ते काही बोलायच्या आत, वीणा किल्ल्यांचा जुडगा घेऊन खाली उतरली.

तिच्या अगदी नाकी नऊ आले होते. रिकामी घरं गिऱ्हाइकांना दाखवायची तर एकटीनं जायचं नाही, बाबांना सोबत न्यायचं, नाहीतर हा धंदा बंद, अशी तिच्या नवऱ्याची अट होती. शंतनू हवाई दलात, त्यामुळे घरातल्या अटींनाही हुकमाचं वजन. आणि सोबतीला कोण, तर बांधकाम खात्यात तीस वर्षं काढून निवृत्त झालेले अच्युतराव. भिंत दिसली की ते हात फिरवणार आणि गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगणार, “ओल आहे.” महिन्याभरात त्यांनी तीन सौदे असे पाण्यात घातले होते. ती चिडली की म्हणायचे, खोटं बोलणं मला जमत नाही बाई. कुंपणानंच शेत खाल्लं तर तक्रार कुणाकडे न्यायची?

इकडे उत्तरेत बंगल्याला कोठी म्हणतात; विमानतळाजवळच्या एअरोसिटीतल्या त्या कोठीच्या दुसऱ्या मजल्यावर नरेशजी दाराबाहेर वाट बघत उभे होते. पंचेचाळिशीचे, बोलायला गोड; आयटी पार्कात नोकरी करतो म्हणून फोनवर सांगितलं होतं. गिऱ्हाईक पुढे आणि आपण दाराजवळ, हा वीणाचा नेम होता. पण आज ते “पहले आप” म्हणत इतक्या अदबीनं बाजूला झाले, की अडून राहणं तिला उद्धटपणाचं वाटलं. ती आत शिरली. पाठीमागे दार लागलं आणि वरची कडीही लागली.

“धूल आती है,” नरेशजी हसून म्हणाले.

धूळ येत होती, हेही खरंच. वीणाला स्वतःचाच राग आला. दार उघडं ठेवा म्हणावं तर चांगलं गिऱ्हाईक दुखावणार, न म्हणावं तर तोंडभर हसत कपाटं दाखवायची आणि डोळा सारखा त्या कडीवर ठेवायचा. माणूस सज्जन निघाला तर आपण वेड्या, नाही निघाला तर आपण मूर्ख. या धंद्यात शहाणं ठरायची सोयच नव्हती.

नरेशजींनी स्वयंपाकघराकडे ढुंकूनही पाहिलं नाही. गॅलरी नको म्हणाले. झोपायच्या खोलीत मात्र त्यांनी तिला दोनदा बोलावलं, आणि दोन्ही वेळा ते स्वतः चौकटीत उभे राहिले.

“आप अकेली आती हैं?” त्यांनी विचारलं. “डर नहीं लगता?”

वीणानं फोन काढला. भीती वाटतेय असं मराठीत सांगितलं असतं तर या माणसाला कदाचित कळलंही नसतं. पण बाबांनी आधी शंतनूला फोन लावला असता, आणि उद्यापासून ती घरी बसली असती. दोन वर्षं उन्हातान्हात फिरून उभं केलेलं काम एका वाक्यात गेलं असतं.

“बाबा, इथं भिंतीला ओल दिसतेय,” ती म्हणाली. “जरा वर येता?”

एरवी गुडघ्यांच्या नावानं दिवसभर कण्हणारे अच्युतराव दोन मजले कसे चढले कुणास ठाऊक. दारावर थाप पडली. नरेशजी जागचे हलले नाहीत, तेव्हा अंग चोरून ती त्यांच्या बाजूनं निघाली आणि तिनं कडी काढली.

बाबांनी भिंतींना तळहात लावले, बोटांनी ठोकून पाहिलं, न्हाणीघराच्या मागची बाजूही सोडली नाही. ओल आहे, हे शब्द कानावर पडावेत असं वीणाला आज पहिल्यांदाच वाटत होतं.

“कोरडी ठणठणीत,” ते खुशीत म्हणाले. मग नरेशजींकडे वळून आपल्या हिंदीत त्यांनी भरही घातली. असं पक्कं काम आजकाल बघायला मिळत नाही, डोळे मिटून घेऊन टाका.

“अंकलजी ने बोल दिया तो पक्का,” नरेशजी म्हणाले. “मॅडम, कल शाम को नाप लेने आऊँगा. आप चाबी ले आना. अंकलजी को तकलीफ मत दीजिएगा.”

“सीलन है,” वीणा म्हणाली, बाबांचंच ‘ओल आहे’ हिंदीत. “ये घर आपको नहीं मिलेगा.” आणि नरेशजींची पावलं जिन्यावरून पार खाली पोचेपर्यंत ती दार धरून उभी राहिली.

गाडीत बाबांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. जागा उत्तम, माणूस घ्यायला तयार, आणि मोडता कोण घालतं तर घरची लक्ष्मी! तीस वर्षं भिंती तपासलेल्या हाताला परक्यासमोर खोटं पाडलंस. मी ओल आहे म्हटलं तरी तुला राग, नाही म्हटलं तरी राग. सिग्नलपर्यंत वीणानं ऐकून घेतलं. मग तिला असह्य झालं.

“त्यानं आतून कडी लावली होती, बाबा.”

सिग्नल सुटला, गाडी विमानतळाच्या रस्त्याला लागली.

“उद्यापासून मी गाडीत बसणार नाही,” अच्युतराव म्हणाले.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. शंतनूचा होता, घर दाखवून झालं की तो विचारायचाच. वीणानं गाडीचा वेग कमी केला. बाबांना खोटं जमत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

“नाही रे, नाही जमलं,” अच्युतराव फोनवर म्हणाले. “भिंतीला ओल निघाली.”