आधी फोटो

"फोटो पाहिजे होता. चनबसाप्पांचा."

पवित्रा हे कानडीत म्हणाली आणि दारातल्या बाईचा चेहरा उजळला. शिरोली एमआयडीसीच्या मागे, पत्र्याच्या खोल्यांच्या त्या ओळीत गौरव्वाशी कानडी बोलणारं कुणी नव्हतं. नवरा घरी आला की तोंड उघडायचं. मराठी तिला भाजीचा भाव विचारण्यापुरती यायची.

"आमच्याकडचीच की गं तू! बा, बा, कुंद्रु," म्हणत तिनं बसायला पाट पुढं सरकवला. "गाव कुठलं?"

"गडहिंग्लज."

"आणि पेपरात आहेस?"

"शिकाऊ, अक्का."

पेपरात आल्यापासून पवित्रा 'शहरात आज' एवढंच सदर भरत होती. व्याख्यान, भजन, रक्तदान. बाहेरचं पहिलं काम आज मिळालं, तेही कानडी येतं म्हणून. मुख्य वार्ताहर जोतीराम सरांनी बोलावून सांगितलं होतं, "सकाळच्या पाळीत फौंड्रीत एक जण गेलाय. दवाखान्यातनं फोन आलता. कंपनीवाले अजून दडवून बसल्यात. घरात कळायच्या आत पोच. आदी फोटो मागायचा, मग सांगायचं. एकदा रडारड सुरू झाली की तुला कोण फोटो काढून देतंय? मिळाला की बूथवरनं फोन कर. आन् न्हाय मिळाला, तर हिकडं यायची घाई करू नको."

बसमध्ये तिनं बातमी मनाशी जुळवली होती, जागा मोकळ्या ठेवून.

शिरोली, ता. १४ : येथील एका फौंड्रीत वितळलेल्या लोखंडाचा रस अंगावर पडून चनबसाप्पा ........ (वय ....) हा कामगार

"फोटो कशाला गं?" गौरव्वानं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच हसली. "कायम केलं काय त्यांना? दसऱ्याला करतो म्हणाले होते साहेब. पेपरात देतात काय तसं?"

पवित्राच्या जिभेवर दोन वाक्यं होती. एक बातमीतलं, लांबलचक. दुसरं कानडीतलं, एवढंसं.

"फोटो लागतोय, अक्का."

खोटं नव्हतं ते.

गौरव्वानं डबा उघडला, साखरेची चिमूट तिच्या तळहातावर ठेवली. "तोंड गोड कर. आल्यावर चिडवते त्यांना, मला तुमच्या आधी कळलं म्हणून."

"वय किती त्यांचं?"

"सव्वीस. तेपण छापतात? मग गावपण घाल की. यमकनमर्डी."

(वय २६, मूळ रा. यमकनमर्डी) हा कामगार जागीच

"घरात कोण कोण?"

"इथं मी. गावाकडं अत्ती, माझी सासू. तिला कोण वाचून दाखवणार मराठी पेपर! पण फोटो बघेल. गावभर फिरवेल म्हातारी."

त्यांच्या पश्चात आई, पत्नी असा

पत्नी टाचा उंचावून खिळ्यावरची फ्रेम काढत होती.

घरात फोटो तेवढा एकच. लग्नातला, दोघांचा. बाशिंग बांधलेला चनबसाप्पा कॅमेऱ्याला घाबरल्यासारखा उभा, शेजारी गौरव्वा, मान खाली. तिनं पदरानं काच पुसली.

"मला कापणार?"

पवित्रा पिशवीचं तोंड उघडू लागली.

"काप गं. माझं तोंड कुणाला बघायचंय! त्यांचं तेवढं बरं छापा. कान जरा मोठे आहेत, त्याचं काय करता येतं का बघा."

पवित्राला हसू आलं. आलंच.

फ्रेम तिच्या पिशवीत गेली. भिंतीवर खिळा राहिला आणि त्याखाली चौकोनी, उजळ जागा.

आधी फोटो. झालं.

मग.

मुठीतली साखर चिकट झाली होती.

"खा की," गौरव्वा म्हणाली. स्टोव्हवर चहा चढला होता. "लाजतेस काय बहिणीच्या घरात?"

"अक्का, जरा बस. एक सांगायचंय..."

बाहेर जीप थांबली. कंपनीचा टाइमकीपर हंबीरराव दारात आला. चपला काढाव्यात की राहू द्याव्यात, हे त्याला ठरवता येईना. शेवटी एक पाय चपलेत आणि एक उंबऱ्यावर, तसाच उभा राहिला आणि एका दमात बोलून मोकळा झाला.

"वैनी, घाबरायचं काय न्हाय. जरासं लागलंय त्यास्नी. दवाखान्यात नेलंय. चला, गाडी आणलीया." मग त्याला पवित्रा दिसली. "पावणं, तुमी ह्यांच्यातल्याच न्हवं? सांगा की वैनींना तुमच्या भाषेत. बरं झालं बगा, तुमी हाय ते."

गौरव्वाला त्यातला 'दवाखाना' तेवढा कळला. ती पवित्राकडं वळली.

"काय म्हणतोय गं, तंगी?"

तंगी. धाकटी बहीण. गावाकडं पवित्राची थोरली बहीण याच शब्दानं हाक मारायची.

हंबीरराव जमिनीकडं बघत होता.

"जरासं लागलंय म्हणतात, अक्का. दवाखान्यात नेलंय," पवित्रानं सांगितलं. शब्दाला शब्द.

गौरव्वानं स्टोव्हची हवा सोडली. फडक्यानं भांडं खाली उतरवलं, झाकलं. पदर डोक्यावर घेतला आणि निघता निघता थांबली. खिळ्याकडं बघितलं. मग पवित्राच्या पिशवीकडं.

"मग फोटो कशाला?"